निकालदर्शन-विधी : शहापूर व मुरबाड तालुक्यांतील अभ्यासकांसाठी

लोकसभेच्या निकालाचे शास्त्रोक्त दर्शन घेऊ इच्छिणाऱ्याने प्रथम हे ध्यानात घ्यावे, की भारतात मतमोजणी सकाळी आठला सुरू होत असल्याने खरी निकालरात्र ही आदली रात्र असते. शहापूर व मुरबाड हे दोन्ही तालुके ज्या भिवंडी मतदारसंघात मोडतात, तेथे २०२४ साली मतदान २० मे रोजी व मोजणी ४ जून रोजी झाली. म्हणजे यंत्रे पंधरा दिवस कुलपात होती आणि तेवढे दिवस गावागावांत निकाल तयार होता. १ जूनच्या सायंकाळी वाहिन्यांनी दाखवलेले मतदानोत्तर अंदाज, म्हणजे मत देऊन बाहेर पडलेल्यांना विचारून बांधलेले ठोकताळे, त्यामानाने फारच उशिरा आले, आणि बहुतेक चुकलेही.

स्थळनिवड दुय्यम आहे. एसटी स्थानक चालेल, चहाची टपरी चालेल. ज्या शहापूर तालुक्यातील भातसा व तानसा धरणे मुंबईला पाणी पुरवतात, त्याच तालुक्यात जूनच्या आरंभी टँकरची वाट पाहत मोबाइलवर कल बघण्याचीही सोय असते. मोबाइल मात्र रात्रीच चार्ज करावा, कारण वळवाचा पाऊस आणि वीज यांचे पटत नाही.

मुख्य विद्या फेरीची. भिवंडीत सहा विधानसभा क्षेत्रे येतात, प्रत्येकाची मोजणी स्वतंत्रपणे, साधारणतः चौदा टेबलांवर होते, आणि चौदा मतदान केंद्रांची यंत्रे मोजून झाली की एक फेरी संपते. टपाली मते, म्हणजे निवडणूक कर्मचारी, सैनिक इत्यादींनी पाठवलेल्या मतपत्रिका, त्याआधी हाती घेतल्या जातात. केंद्रे क्रमांकानुसार मोजली जात असल्याने सकाळचा कल हा जनतेचा नसून यादीच्या वरच्या टोकाचा असतो. नेमक्या याच वैज्ञानिक सत्यावर अभ्यासकाची प्रतिष्ठा उभी आहे. आपला उमेदवार मागे पडताच त्याने चहाचा घोट घेऊन, घाई न करता, ‘आपल्याकडच्या पेट्या अजून उघडायच्यात’ असे म्हणावे. पेट्या २००४ पासूनच लोकसभेच्या मोजणीतून गेल्या, ही हरकत कोणी घेत नाही. दुपारनंतर शहापूरकराने मुरबाडकडे, मुरबाडकराने कल्याण पश्चिमेकडे आणि सर्वांनी मिळून भिवंडी शहराकडे बोट दाखवावे.

२०२४ साली या विधीची कसोटी लागली. केंद्रीय राज्यमंत्री कपिल पाटील यांचा सुरेश म्हात्रे ऊर्फ बाळ्यामामा यांनी सुमारे ६६ हजार मतांनी पराभव केला आणि अपक्ष नीलेश सांबरे यांनी दोन लाखांहून अधिक मते घेतली, तेव्हा ‘हे तर मी आधीच सांगितले होते’ म्हणणारे तिन्ही बाजूंना पुरेसे निघाले. मताधिक्य, म्हणजे पहिल्या दोघांमधील मतांचे अंतर, एवढे असले तर फेरमोजणीची आशा सोडावी. मुंबई वायव्यमध्ये त्याच दिवशी ते अवघे ४८ होते, पण तेवढे भाग्य प्रत्येक मतदारसंघाला लाभत नाही.

देशाचा हिशेब अखेरीस, जेवणानंतर करावा : ५४३ जागा, बहुमताला २७२, भाजपला २४०. आघाडीचे सरकार येणार हे कळल्यावर कल्याण–मुरबाड रेल्वेचे काय, हा प्रश्न कोणीतरी विचारतोच. त्याला उत्तर देण्याची प्रथा नाही.

येथे विधी संपला असे समजू नये. काही दिवसांनी नमुना २० प्रसिद्ध होतो, ज्यात प्रत्येक मतदान केंद्रावर कोणाला किती मते पडली याची नोंद असते, आणि ज्याने प्रत्येक उमेदवाराच्या कार्यालयात ‘आपला बूथ पक्का’ असे सांगून वडापाव खाल्ला आहे, त्याने ती यादी गावात पोहोचण्यापूर्वी पाहुण्यांकडे चार दिवस जाऊन यावे.