हणम्यानं खाल्लेले बेदाणे

पार्सिपनी, न्यू जर्सी
रविवार, दुपार

ती. आई आणि ती. अण्णा,


परवा व्हिडिओ कॉलवर मी रडत होते, मागे कुणीतरी ओकत होतं आणि तेवढ्यात रेंज गेली. त्यावरून तिकडं आपल्या मुरारजी पेठेत काय काय तर्क झाले ते मावशीच्या फोनवरून कळलं. म्हणून आधीच सांगते : तुमचे जावई ठणठणीत आहेत, मुलं ठीक आहेत, नोकरी शाबूत आहे. ओकत होता तो हणम्या.

हणम्याचं कागदोपत्री नाव हॅन्क. ते आम्ही ठेवलेलं नाही, संस्थेनं ठेवलं. एका वेतातल्या सगळ्या पिल्लांची नावं एकाच अक्षरावरून ठेवतात, आपल्याकडच्या राशीच्या नावासारखी. आईनं पहिल्याच दिवशी फोनवरून ‘हणम्या’ म्हणून हाक मारली, तो शेपूट हलवत पडद्याजवळ आला आणि बारसं तिथंच उरकलं.

अण्णा दर वेळी विचारतात, ‘कुत्रं तुमचं नाही, तर तुमच्या घरात काय करालंय?’ तर ऐका. इथून पंधरा-वीस मिनिटांवर मॉरिसटाउन गाव आहे. तिथं ‘द सीइंग आय’ ही संस्था अंध माणसांना वाट दाखवणारे कुत्रे तयार करते. पिल्लू सात-आठ आठवड्यांचं झालं की आमच्यासारख्यांच्या घरी देतात. आम्ही त्याला माणसांत वावरायला शिकवायचं, जिना, पाऊस, लहान मुलं, कुकरची शिट्टी यांची सवय करायची आणि साधारण वर्षभरानं परत द्यायचं. पुढं चारेक महिने तिथले शिक्षक त्याला खरं काम शिकवतात, मग तो मालकाच्या हाती जातो. पाठवणीच्या विचारानं धाकटी आत्तापासूनच रोज रात्री अर्धा तास रडून घेते.

संस्थेची गोष्ट अण्णांना आवडेल. नॅशव्हिलच्या मॉरिस फ्रँक नावाच्या अंध तरुणाला १९२७ साली वडिलांनी मासिकातला एक लेख वाचून दाखवला. डोरोथी युस्टिस नावाची अमेरिकन बाई स्वित्झर्लंडमध्ये कुत्री शिकवत होती, तिनं तो लिहिला होता. पोरानं तिला पत्र टाकलं आणि पुढच्या वर्षी बोटीनं तिकडं गेला. मिळालेल्या कुत्रीचं नाव होतं ‘किस’! भर चौकात अशी हाक कोण मारणार? त्यानं लगेच बदलून ‘बडी’ केलं. परत येताना न्यूयॉर्कला वार्ताहरांच्या देखत बडीनं त्याला गाड्यांच्या गर्दीतून रस्ता पार करून दाखवला आणि त्यानं बाईंना एका शब्दाची तार केली : ‘सक्सेस’. १९२९ मध्ये संस्था निघाली. आपल्या घराण्यात एका शब्दात काही सांगायची रीत नाही, म्हणून तुम्हाला एवढं मोठं पत्र.

आता बेदाणे. सत्यनारायण होता. सव्वाच्या मापानं शिरा केला, आईच्या पद्धतीनं बेदाणे सढळ हातानं घातले. आरती चालू असताना हणम्यानं नैवेद्याची वाटी चाटूनपुसून लख्ख केली. मी हसले, म्हटलं देवानं पावती दिली. तेवढ्यात थोरला किंचाळला, ‘आई, रेझिन्स!’ द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्यांना विषारी असतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. हे संस्थेच्या पहिल्याच कागदावर लिहिलं होतं. मी तो फ्रिजवर चिकटवला होता, त्यावर सत्यनारायणाच्या सामानाची यादी चिकटवली होती.

सुट्टीचा दिवस, म्हणून चोवीस तास चालणाऱ्या जनावरांच्या दवाखान्यात पळालो. लहानपणी अण्णा आपली म्हैस सरकारी गुरांच्या दवाखान्यात न्यायचे तेव्हा केसपेपरला सुटे पैसे शोधायचे, तेवढाच काय तो खर्चाचा ताण मला आठवतो. इथं डॉक्टरच्या आधी एक गोड बोलणारी मुलगी अंदाजपत्रक घेऊन येते. त्यात दोन रकाने : कमीत कमी आणि जास्तीत जास्त. कमीत कमीचा आकडा वाचून जावई खुर्चीत बसले, जास्तीत जास्तीचा वाचून पुन्हा उभे राहिले. आई, तू असतीस तर ताबडतोब मालदांडी ज्वारीच्या पोत्यांत हिशेब केला असतास, म्हणून आकडा लिहीत नाही. हणम्याला ओकारीचं इंजेक्शन दिलं. मग डॉक्टरीणबाईंनी ट्रेमधले बेदाणे मोजून दाखवले, सव्वीस. मी मोजून घातले नव्हते, त्यामुळे ताळा जमेना. म्हणून दोन दिवस सलाइन आणि रक्ताच्या तपासण्या.

वाचला. आणि बिल संस्थेनं भरलं. पिल्लू आमच्याकडे असेपर्यंत त्याचं औषधपाणी त्यांच्याकडे असतं. आमच्या वाट्याला फक्त लाज आली.

ही कथा मी खालच्या मजल्यावरच्या बाईंना रंगवून सांगितली. त्या जन्मांध, पियानो शिकवायच्या, आता एकट्या असतात. वाट दाखवणारा आत्ताचा कुत्रा त्यांचा चौथा. खूप हसल्या आणि मग म्हणाल्या, ‘तुमचा हॅन्क माहेरी आहे.’ (‘माहेर’ शब्द माझा, अर्थ त्यांचा.) कुत्रा मिळताना पैशाचा प्रश्न फारसा येत नाही. ‘सीइंग आय’मध्ये पहिल्या कुत्र्याला १५० डॉलर आणि पुढच्या प्रत्येकाला ५० डॉलर घेतात, त्यातच शिकणं, राहणं, जेवण सगळं. पण सासरी आला की तो मालकाचा. लस, दात, कान, म्हातारपणी सांधे, सगळं मालकानं बघायचं. त्यांच्या कुत्र्याचे दोन दात काढले, तर त्या महिन्यात बाईंनी स्वतःची कवळी पुढं ढकलली. हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नाही, पावसाळा लांबला असं सांगावं तसं सांगितलं.

मग काय काय सोयी आहेत ते मी शोधत बसले. इंग्लंडात तिथली संस्था कुत्र्याचे ५० पेन्स नावापुरते घेते आणि मालकाला झेपत नसेल तर खाणं नि डॉक्टरही स्वतः बघते. इथं कॅलिफोर्नियातली एक मोठी संस्था आपल्या माणसांना डॉक्टरच्या खर्चात हात देते. माजी सैनिकांच्या सेवा-कुत्र्यांसाठी सरकारी विमा आहे. २००८ पासून जनावरांचे नेत्रतज्ज्ञ दर मे महिन्यात कामावरच्या कुत्र्यांचे डोळे फुकट तपासतात. हे मला फार आवडलं. माणसाचे डोळे सांभाळणाऱ्याचे डोळे कुणीतरी बघायला नकोत का? आणि आयकर खात्याच्या लेखी असा कुत्रा म्हणजे जणू चष्मा : त्याचं खाणं, डॉक्टर सगळं वैद्यकीय खर्चात धरतात. मात्र एकूण वैद्यकीय खर्च उत्पन्नाच्या ७.५ टक्क्यांवर गेला तर वरच्या रकमेलाच सूट. बाईंना मोठ्या उत्साहानं सांगायला गेले. म्हणाल्या, ‘कर भरण्याएवढं उत्पन्न तरी हवं ना!’ म्हणजे उपाशी माणसाला पाचक चूर्ण.

त्यांची स्वतःची सोय वेगळीच आहे. ओट्यावर कॉफीचा एक जुना डबा. दर सोमवारी त्यात काहीतरी टाकायचं, आणि घर गळलं तरी तो उघडायचा नाही. डबा पाहून मला आईचा ज्वारीचा डबा आठवला, तळाशी नोटांची पुरचुंडी. सगळ्यांना ठाऊक, आणि कुणालाच ठाऊक नाही.

अण्णा, भजनी मंडळातले पेटीवाले काका कसे आहेत? नातवाच्या खांद्यावर हात ठेवून यायचे ना? नातू पुण्याला नोकरीला लागल्याचं आईनं सांगितलं, तेव्हापासून ते भजनाला कसे येतात हे विचारायचं राहूनच गेलं. नक्की कळवा. इकडून कुत्रा पाठवता येणार नाही, आणि आपल्या रस्त्यावरची भटकी मंडळी त्याला कामही करू देणार नाहीत. पण रिक्षाचं काही जमत असेल तर सांगा.

बाकी क्षेम. मुलांचा नमस्कार.

तुमची,
माई

ता. क. आई, गड्ड्याच्या जत्रेनंतर येणाऱ्या पाहुण्यांबरोबर शेंगाचटणी आणि कडक भाकरी पाठव, चादर नको. गेल्या चादरीवरच्या मोराची मान हणम्याच्या पोटातून जाऊन आली. डॉक्टर म्हणाले, धागा पक्का आहे. जावयांनी एक कॉफीचा डबा रिकामा करून ठेवलाय. मुलांना वाटतं तो आमच्याच घरात राहणार आहे.