सहाच्या पेसने संसार

धावणारा माणूस सगळ्यांना ठाऊक असतो. तशी तजवीज तो स्वतःच करतो. धावणं बंद पडलेला धावपटू मात्र फक्त घरच्यांना ठाऊक असतो, आणि खरा अभ्यासाचा विषय तोच. वय पंचेचाळिशीच्या आसपास, नोकरी बैठी, कपाटाच्या मुठीला मेडलांचा झुबका, टाचेमागची शीर सुजलेली. माझं म्हणणं एवढंच, की या दुखण्यात रोगी एक असतो आणि लंगडतं अख्खं घर. इतकी वर्षं घरचे ज्याला ‘त्याचं वेड’ म्हणत आले, ती प्रत्यक्षात घराची सोय होती. सोयींचं असंच असतं, बंद पडल्या की कळतात. नळाचं पाणी घ्या किंवा मोलकरीण.

पहिला पुरावा त्याच्या कालगणनेचा. हौशी धावपटू किलोमीटरला साधारण सहा मिनिटं घेतो. त्याला ते लोक ‘सहाचा पेस’ म्हणतात. पाय थांबले तरी हा हिशोब थांबत नाही, उलट घरभर पसरतो. कुकरच्या चार शिट्ट्या म्हणजे दोन किलोमीटर. मुलीच्या दोन वेण्या, एक किलोमीटर. गॅसच्या नंबरासाठी फोन कानाला लावून बसावं लागलं, साडेतीन. गणपतीत पाच आरत्या आणि मंत्रपुष्पांजली मिळून चार भरतात, आणि हा आकडा तो तबक फिरत असताना शेजारच्या काकांच्या कानात सांगतो. मुलगी न्हाणीघरातून ‘बाबा, पंधराच मिनिटं’ म्हणाली की त्याचा चेहरा अडीच किलोमीटरने उतरतो. कुणाला वाटेल, गंमत करतोय. गंमत करणारा माणूस निदान स्वतः हसतो.

यावर हरकत निघते ती अशी, की दुखणाईत माणूस चिडचिडा असायचाच, त्यात विशेष ते काय? विशेष हे, की तापाचा माणूस अंथरुणात असतो, पेज पितो आणि झोपतो. हा टाचेवरचे दोन-तीन इंच सोडले तर सोसायटीतला सगळ्यांत धडधाकट माणूस. पहाटे पावणेपाचला डोळे टक्क उघडे. पूर्वी पाच ते साडेसात हा प्राणी घरात नसे, आणि त्या अडीच तासांवर घराचा सगळा डोलारा उभा होता. आईची पूजा रेडिओसकट निवांत व्हायची, मुलीला न्हाणीघर मिळायचं, आणि बायको गॅलरीत एका खुर्चीवर बसून, दुसऱ्या खुर्चीवर पाय टाकून, दिवसातला पहिला चहा एकटीने प्यायची. आता त्या दुसऱ्या खुर्चीवर त्याचा पाय असतो, पायावर गोठवलेल्या मटारचं पाकीट असतं, आणि पाकिटावर मार्करने ‘टाच – उसळीला वापरू नये’ असं लिहिलेलं असतं. डबा भरणाऱ्या बाईला भाजी कोणत्या क्रमाने चिरावी हेही तो तिथूनच सांगतो. वीस वर्षं न दिसलेल्या चुका त्याला एका आठवड्यात दिसतात.

दुसरा पुरावा औषधोपचारांचा. डॉक्टरांनी ‘अकिलीस’ हा शब्द उच्चारला तेव्हा दुखण्यातही त्याला थोडं बरं वाटलं असणार. ग्रीक महावीराच्या नावाचं दुखणं सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. (आपल्याकडे दुर्योधनाची मांडी आहे, पण तसं निदान कुणी लिहून देत नाही.) तो महावीरही रुसून तंबूत बसला होता आणि बाकीच्यांचे हाल झाले होते, हा तपशील घरच्यांना जास्त पटावा. आई म्हणते, आंबेहळद उगाळून लाव, शेक घे. हा म्हणतो, बर्फ आणि विश्रांती, हे शास्त्र आहे. शास्त्र खरंच होतं: गेब मर्किन या अमेरिकन डॉक्टरने १९७८ मध्ये विश्रांती, बर्फ, पट्टी आणि पाय उंच ठेवणं हा मंत्र दिला. पुढे त्यांनीच लिहिलं की बर्फाने आणि पूर्ण विश्रांतीने बरं होणं लांबूही शकतं. ही बातमी त्याने वाचलेली असते, आईला मात्र सांगितलेली नसते. मग येतो व्यायाम. स्वीडनच्या हाकान आल्फ्रेडसन या शल्यविशारदाने १९९८ मध्ये तो प्रसिद्ध केला: पायरीच्या कडेवर चवडा टेकवून टाच सावकाश खाली सोडायची, पंधराचे तीन फेरे, एकदा गुडघा ताठ आणि एकदा वाकवून, दिवसातून दोनदा, बारा आठवडे. दिवसाला एकशे ऐंशी. सांगतात ते असं, की आल्फ्रेडसनचीच शीर दुखत होती, वरिष्ठ ऑपरेशन करीनात, म्हणून दुखणं वाढावं यासाठी त्याने हे सुरू केलं आणि बरा झाला. आपल्या माणसाला ही गोष्ट फार आवडते. जिन्यात टाच खालीवर करत तो ती दूधवाल्याला सांगतो, आणि दूधवाल्याची दोन किलोमीटर जातात.

आणखी एक हरकत रास्त आहे: बायकाही धावतात, त्यांच्याही टाचा दुखतात, मग हा नमुना पुरुषच का? कारण नमुना व्हायला फुरसत लागते. बाईची टाच दुखते तेव्हा ती ओट्यापाशी दुसऱ्या पायावर भार देऊन पोळ्या लाटते आणि घराला पत्ता लागत नाही. टाचा खालीवर करण्याचा व्यायाम ती कुकरच्या शिट्ट्यांच्या मध्ये उरकते. ऑलिंपिकमध्ये बायकांना मॅरेथॉन धावायला १९८४ साल उजाडावं लागलं. दुखरा पाय दुसऱ्या खुर्चीवर टाकून घराला सल्ले द्यायला अजून उजाडायचंय.

तेव्हा त्याची कीव करू नये, या मताला मी जवळजवळ पोचलो होतो. पण जानेवारीतला तिसरा रविवार आडवा येतो. त्या दिवशी मुंबई मॅरेथॉन असते, त्याने पैसे भरलेले असतात, आणि तो टीव्हीसमोर बसलेला असतो. बेचाळीस किलोमीटर आणि वर एकशे पंचाण्णव मीटर, सहाच्या पेसने चार तास तेरा मिनिटं. तेवढा वेळ तो उठत नाही. पेडर रोडचा चढ आला की बर्म्युडाखालची त्याची पोटरी आपोआप आवळते. मागे कुकरच्या चार शिट्ट्या होतात आणि तो काही म्हणत नाही. आई रेडिओ स्वतःहून बारीक करते. आदल्या दिवशीपर्यंत ज्या आकड्यांनी जीव नकोसा केला होता, तो एखादा तरी आकडा त्याने बोलावा, असं त्या घरात त्या सकाळी सगळ्यांना वाटत असतं.

मग बारा आठवडे संपतात, फिजिओ फक्त तीन किलोमीटरची परवानगी देतो, आणि पहाटे पाचला बूट घालून तो बाहेर पडतो. मटारची उसळ होणार हे ठरलेलं असतं. गॅलरीतली दुसरी खुर्ची मोकळी होते, बायको तिच्यावर पाय टाकते, आणि सवयीने दोन कप चहा गाळला गेलाय हे तिच्या लक्षात येतं. ती घड्याळ बघते. पाच पंचवीस. तीन किलोमीटरला अठरा मिनिटं, ती मनात म्हणते. मग हा अजून आला कसा नाही? दुसऱ्या कपावर बशी झाकून ती कठड्याशी जाऊन उभी राहते.