सप्टेंबरअखेरचा परोपकार

ऑक्टोबर 2001मध्ये अमेरिकी विमानांनी अफगाणिस्तानवर दोन प्रकारचा माल टाकला. एक, जेवणाची पाकिटं. आत पीनट बटर, जॅम, बिनमांसाचं जेवण. वर इंग्रजीत लिहिलेलं की ही अमेरिकी जनतेची भेट. दुसरा, क्लस्टर बॉम्ब, ज्यांच्या पोटातले काही छोटे बॉम्ब न फुटताच शेतात पडून राहत. पाकीट पिवळं, बॉम्बही पिवळा. मग रेडिओवरून समजावणं आलं : बाबांनो, चौकोनी पिवळं ते खा, डब्यासारखं पिवळं त्याला हात लावू नका. शेवटी पाकिटांचा रंग निळा करायचं ठरलं. बॉम्ब टाकणं थांबवावं, हा पर्याय त्या बैठकीत चर्चेला आला नसावा.

पुढची वीस वर्षं मदत याच डोक्याने चालली. पुनर्बांधणीच्या नावावर अमेरिकेने सुमारे 145 अब्ज डॉलर ओतले. त्यावर नजर ठेवायला 2008मध्ये खास महानिरीक्षकांचं कार्यालय काढलं आणि 2012 ते 2025 त्याच्या खुर्चीत जॉन सोप्को बसले. त्यांचे अहवाल वाचले की आम्हा तिरकस लिहिणाऱ्यांना घरी बसावंसं वाटतं. माणूस फक्त पावत्या वाचून दाखवायचा आणि आमच्या पोटावर पाय द्यायचा.

उदाहरणार्थ, गणवेश. अफगाण सैनिकांना कपडे द्यायचे होते. देशाच्या जेमतेम 2.1 टक्के भागावर जंगल, बाकी खडक, माती आणि धूळ. कापडावर नक्षी निवडली ती मात्र घनदाट अरण्याची. का? तर तेव्हाच्या अफगाण संरक्षणमंत्र्यांना ती आवडली. नक्षी एका खासगी कंपनीच्या मालकीची, म्हणून महाग. सोप्कोंच्या 2017च्या हिशेबाप्रमाणे या हौसेवर 2 कोटी 80 लाख डॉलरपर्यंत जादा गेले. उघड्या माळावर हिरवागार शिपाई. त्याला शोधायला तालिबानला दुर्बिणीचीही गरज नव्हती.

विमानांचं थोडक्यात सांगतो. सुमारे 55 कोटी डॉलरच्या कार्यक्रमात जुनी इटालियन मालवाहू विमानं घेतली, एकूण वीस. त्यातली सोळा 2014मध्ये काबूलच्या भंगारवाल्याला गेली, पौंडाला सहा सेंट या भावाने. सगळ्यांचे मिळून 32 हजार डॉलर आले. काश्मिरी लोकरीचा धंदा वाढावा म्हणून इटलीहून नऊ भुऱ्या बकऱ्याही आणल्या होत्या. प्रकल्प साठ लाख डॉलरचा. त्या बकऱ्यांचं पुढे काय झालं, कोणी खाल्ल्या की काय, हे पेंटॅगॉनलाही सांगता आलं नाही.

हा मूर्खपणा असता तर बरं झालं असतं. ही पद्धत होती. आपल्याकडे मार्चअखेर जवळ आली की धडधाकट रस्ता उखडून पुन्हा केला जातो, तसं तिकडे 30 सप्टेंबरला आर्थिक वर्ष संपतं. पैसा उरला तर पुढच्या वर्षी कात्री. त्यामुळे साहेबाची कर्तबगारी किती खर्चलं यावर. शाळेत मूल आलं का, हा नंतरचा प्रश्न. हेल्मंदमधल्या अमेरिकी लष्करी तळावर 64 हजार चौरस फुटांचं मुख्यालय बांधायला निघाले, तेव्हा तिथल्याच जनरलने कळवलं, आम्हाला नको. वरून उत्तर आलं, निधी मंजूर झालाय. साडेतीन कोटी डॉलरच्या आसपास खर्चून इमारत उभी राहिली. तिच्यात कोणी राहायला गेलं नाही.

हसायला आपणही फार मोकळे नाही. डिसेंबर 2015मध्ये भारताने काबूलला झकास संसद भवन बांधून दिलं. आता तिथे तालिबान आहे, आणि तालिबानला संसद लागत नाही.

तालिबानचं औदार्यही वेगळंच. डिसेंबर 2022मध्ये त्यांनी स्वयंसेवी संस्थांत बायकांनी काम करू नये असं फर्मान काढलं, दोन वर्षांनी परिचारिका आणि सुईणींचं शिक्षणही बंद केलं. परक्या पुरुषाने बाईला हात लावायचा नाही आणि बाईने उपचार शिकायचे नाहीत. 31 ऑगस्ट 2025च्या रात्री कुनार प्रांत भूकंपाने हादरला, दोन हजारांवर माणसं गेली. तेव्हा मदतीच्या कामातल्या बायकांवरचे निर्बंध उठवा, अशी विनवणी जागतिक आरोग्य संघटनेला करावी लागली.

आणि दाते? त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेने अफगाणिस्तानातल्या अन्नमदतीचा हात आखडला. पैशाअभावी शेकडो आरोग्य केंद्रांना कुलपं लागली. अफगाण मध्यवर्ती बँकेचे न्यूयॉर्कमध्ये गोठवलेले सात अब्ज डॉलर होते. त्यातले निम्मे 2022मध्ये स्वित्झर्लंडमधल्या एका निधीत ठेवले गेले. मुद्दल सुखरूप आहे. व्याजही छान चढतंय.

राहता राहिलं सोप्कोंचं कार्यालय. ते 31 जानेवारी 2026पर्यंत गुंडाळायचं, असं अमेरिकी काँग्रेसने ठरवलं. या सगळ्या कारभारात शेवटची तारीख आधीपासून पक्की असलेली ही बहुधा एकमेव गोष्ट.