आकाशाचे पैसे कसले?

चित्राचा भाव चौरस इंचावर ठरतो, हे तुम्हाला ठाऊक असेलच. नसेल तर कुठल्याही नवख्या चित्रकाराच्या पहिल्या प्रदर्शनात पाच मिनिटं उभे राहा. चित्र बघून झालं की, म्हणजे साधारण चार सेकंदांनी, एक काका विचारतात, ‘इंचाला काय लावलाय?’

जी. डी. आर्ट करून नुकत्याच बाहेर पडलेल्या पोरीला कॉलेजात हे कुणी शिकवलेलं नसतं. मग सीनियर सांगतात, ‘वीस लाव. जास्त लावलास तर कुणी फिरकणार नाही, कमी लावलास तर पुढे वाढवता येणार नाही.’ 24 बाय 30 चं चित्र म्हणजे 720 चौरस इंच. गुणिले 20, झाले 14,400 रुपये. खाली तळं, तळ्यात चार म्हशी, काठावर एक बगळा, वर आकाश. संपला हिशोब.

संपतोय कसला! काका चष्मा कपाळावर चढवून चित्राला नाक लावतात. ‘म्हशी सगळ्या खालीच आहेत.’

‘हो काका.’

‘वरचं अर्धं आकाशच आहे.’

‘हो.’

‘मग त्याचे पैसे कसले? नुसतं निळं तर आहे!’

या काकांना फ्लॅट विकताना बिल्डरनं जिना, लिफ्ट, लॉबी, झालंच तर गच्चीवरची टाकीसुद्धा सुपर बिल्टअपमध्ये घालून गळ्यात मारली होती. तेव्हा तोंडातून ब्र निघाला नाही. तो सगळा हिशोब आता या पोरीकडून चुकता करायचा आहे. चित्राचा कार्पेट एरिया किती? म्हशी बसल्यात तेवढाच. पाण्याखाली बुडालेली म्हैस बांधकामात धरायची नाही. तिचं प्रतिबिंब तर मुळीच नाही, कारण ती म्हैस वर एकदा मोजून झाली आहे, एकाच म्हशीचे दोनदा पैसे कोण देणार? आकाश म्हणजे ओपन टेरेस, त्याला फार तर अर्धा रेट. बगळा स्टिल्टवर उभा आहे, म्हणजे खालची जागा पार्किंगची, ती फुकटच मिळायला हवी. आणि चौथी म्हैस अर्धी चित्राबाहेर गेली आहे, तिचं पझेशन कधी देणार?

पोरीला सांगता आलं असतं की काका, त्या रिकाम्या आकाशात कोबाल्ट ब्लू आहे, माझ्या पेटीतली सगळ्यांत महाग नळी. शिवाय पांढरा, जो सगळ्यांच्या आधी संपतो. तुमच्या म्हशी बर्न्ट अंबरच्या, स्वस्तातल्या रंगाच्या. मालाचाच भाव लावायचा तर पैसे आकाशाचे घेऊन म्हशी वर फुकट द्यायला हव्यात. पण ती गप्प बसते. पहिलं गिऱ्हाईक असतं ना.

तशी काकांची पद्धत न्यायाची आहे, ती लहान-मोठा भेद करत नाही. ‘मोनालिसा’ 77 बाय 53 सेंटिमीटरची. इंचांत साधारण 30 बाय 21, म्हणजे 630 चौरस इंच. वीसच्या रेटनं 12,600 रुपये. त्यातही मागे डोंगर आणि धूरच फार. बाई बसलीय तेवढ्याचेच लावले तर दहाच्या आत यायला हरकत नाही. ओळखीत तर आठ.

आता फ्रेम बघा. फ्रेमचा भाव रनिंग फुटावर. 24 बाय 30 ला नऊ फूट पट्टी लागते, 300 च्या भावानं 2,700 रुपये. फ्रेमवाल्यापुढे हेच काका कसे मुकाट असतात! ‘अहो, मधली सगळी पोकळच आहे की!’ असं त्याला आजवर कुणी ऐकवल्याचं माझ्या कानावर नाही. सुताराची मजुरी ही मजुरी असते. चित्र काढणं मात्र ‘आवड’. आवडीचे पैसे मागायला लाज वाटली पाहिजे, असं आपण पोरांना लहानपणापासून इतकं पढवलेलं असतं की किंमत सांगताना ती खाली बघतात. आणि मग हॉलवाला येतो. आठवड्याचं भाडं त्यानं आगाऊ घेतलेलं असतं. पत्रिका पोरीनं छापायची, सामोसे तिनं आणायचे, पाहुण्यांची शाल-श्रीफळ तिच्याच खर्चानं, भिंतीतला खिळासुद्धा तिचाच. एवढं करून चित्र विकलं गेलं की तिसरा हिस्सा हॉलचा! भाडंही खायचं आणि विक्रीतही हात घालायचा, याला मराठीत जो शब्द आहे तो संपादक छापणार नाहीत.

शेवटी काकांनी चित्र 9,000 ला घेतलं, फ्रेमसकट. त्यातले 3,000 हॉलचे, 2,700 फ्रेमवाल्याचे. पोरीच्या हातात 3,300. त्यातून रंग, कॅनव्हास, सामोसे आणि भाडं.

पण पोरी, एक ऐक. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 1994 च्या दुरुस्तीनं 53 अ हे कलम आलं आहे. मूळ चित्र पुढे 10,000 रुपयांच्या वर विकलं गेलं, तर त्या किमतीत चित्रकाराचाही वाटा असतो, जास्तीत जास्त दहा टक्के. काकांचा नातू ते चित्र कधी ना कधी विकायला काढणारच. तेव्हा ओळख-बिळख बाजूला ठेव आणि रीतसर बिल कर. चित्राचं नाव, माप, तारीख, किंमत लिही, त्यावर काकांची सही घे आणि तुझी प्रत जपून ठेव.