डेड स्मूद

रेल्वेत फाईल दोन प्रकारची असते. ऑफिसातली फाईल म्हणजे नाडीने बांधलेला कागदांचा गठ्ठा. शॉपमधली, म्हणजे कारखान्यातली, फाईल म्हणजे कानस. पहिली जागची हलत नाही आणि दुसरी दिवसभर हलवल्याशिवाय सुटका नाही. रेल्वेच्या कारागिराची अख्खी नोकरी या दोन फायलींच्या मध्ये झिजते.

आमच्या बिल्डिंगमधले फिटरकाका असेच झिजलेले. कुठल्या कारखान्यात ते विचारू नका, काकांची अजून थोडी सर्व्हिस बाकी आहे. लागले खलाशी, म्हणजे मदतनीस म्हणून. पुढची शिडी ठरलेली : टेक्निशियन ग्रेड 3, मग ग्रेड 2, मग ग्रेड 1 आणि शेवटी सीनियर टेक्निशियन. शाळेत पोरगं तिसरीतून दुसरीत आलं तर बाप फोडून काढेल. इथे ग्रेड 3 मधून 2 मध्ये आलं की पेढे वाटतात. सातव्या वेतन आयोगाने या शिडीला लेव्हलही दिल्या : 1, 2, 4, 5, 6. तिसरी पायरी कुठे गेली, हे काका अजून टॉर्च घेऊन शोधतायत.

ग्रेड 3 च्या दारात तर तीन रांगा. 25 टक्के जागा आयटीआय किंवा अप्रेंटिसशिप केलेल्यांच्या थेट भरतीला, 25 टक्के खात्यातल्याच शिकलेल्या पोरांना आणि उरलेल्या 50 टक्के खालून चढत येणाऱ्यांना. तिन्ही रांगा एकाच दारातून आत शिरतात आणि आत गेल्यावर पहिला प्रश्न येतो, ‘सीनियर कोण?’ या प्रश्नावर युनियनच्या मीटिंगा होतात, अर्ज होतात, कोर्टाच्या पायऱ्या चढून होतात. त्या पायऱ्यांमधली मात्र एकही गायब नसते.

पायरी चढायची तर ट्रेड टेस्ट. प्रात्यक्षिक आणि तोंडी. त्याबद्दल काकांची तक्रार नाही, माझी तर मुळीच नाही. ज्याने आवळलेल्या नटबोल्टांच्या भरवशावर आपण धावत्या गाडीत तोंड उघडं टाकून झोपतो, त्याला काम येतं की नाही हे तपासलंच पाहिजे.

आणि तपासतात कसं, तेही मी पाहिलंय. काकांनी सरावासाठी केलेला एक जोड त्यांच्या शोकेसमध्ये गणपतीशेजारी आहे. लोखंडी पट्टीचे दोन तुकडे. एकाला खाच, दुसऱ्याला त्या खाचेत बसणारा दात. ‘मेल-फिमेल’ म्हणतात त्याला. सगळं हाताने, फाईल मारून. काकांनी दात खाचेत सरकवला, जोड ट्यूबलाइटसमोर धरला आणि म्हणाले, ‘‘बघ, उजेड दिसतो का?’’ मी एक डोळा मिटून पाहिलं. केसाएवढाही दिसला नाही. काका मोजतात ते व्हर्निअरवर, 0.02 मिलिमीटरपर्यंत.

ऑफिसच्या व्हर्निअरवर सगळ्यात लहान माप आहे ‘पुढच्या महिन्यात’.

कारण जागा रिकामी होते एका तारखेला. सिनिऑरिटी लिस्ट लागते दुसऱ्या. टेस्ट होते तिसऱ्या. निकाल लागतो चौथ्या. ऑर्डर हातात पडते पाचव्या. यातली कुठली तारीख खरी, यावर सगळा तंटा. काका म्हणतात, जागा रिकामी झाली ती. ऑफिस म्हणतं, ऑर्डर निघाली ती. मधल्या काळात शेजारच्या शॉपमधल्या ज्युनियरची टेस्ट आधी उरकली, तर तो वर बसून काकांनाच पाना आणायला पाठवतो.

शॉपमधल्या फायलींचेही पाच प्रकार आहेत : रफ, बास्टर्ड, सेकंड कट, स्मूद आणि डेड स्मूद. दुसऱ्या नावावर दचकू नका, हार्डवेअरच्या दुकानात याच नावाने मिळते. काकांचं म्हणणं, ऑफिसातही हेच पाच आहेत. अर्ज जातो तो रफ. हरकती येतात तेव्हा तोंडातून निघतं ते दुसरं. फेरतपासणी हा सेकंड कट. ‘तुमचं काम झालंच समजा’ हा स्मूद. आणि कपाटात गेल्यावर कसलाच आवाज न करणारी फाईल म्हणजे डेड स्मूद.

सगळ्यात गुळगुळीत घासकाम झालं 2003 च्या नोव्हेंबरपासून लागू झालेल्या कॅडरच्या पुनर्रचनेत. वरच्या जागा वाढल्या. इतरांच्या निवडीच्या पदांसाठी लेखी आणि तोंडी परीक्षा तेवढ्यापुरती बाजूला ठेवली; सेवापुस्तक आणि गोपनीय अहवाल बघा आणि बढती द्या, असा आदेश निघाला. कारागिरांसाठी त्याच आदेशात वेगळी ओळ होती : लाभ मिळेल, पण ट्रेड टेस्ट पास झाल्यावर. म्हणजे टेबलावरच्या माणसाचा कागद बघून त्याचं काम कळतं. कारागिराचं काम डोळ्यांसमोर रुळावरून धावत असतं, ते मात्र कळत नाही.

मी काकांना विचारलं, ‘‘मग तुम्हाला टेस्ट नको का?’’

काका भडकले. ‘‘टेस्ट हवी रे! आज बोलाव, आज देतो. पण माझी टेस्ट त्यांनी उशिरा घेतली, तर नापास मी कसा?’’

मग त्यांनी मला चाकाचं सांगितलं. ब्रॉडगेजच्या डब्याच्या एका आसावरच्या दोन चाकांमधलं आतलं अंतर 1600 मिलिमीटर. वर 2 चालतं, खाली 1 चालतं. त्यापलीकडे गेलं की चाक बाद, मग साहेब कितीही मोठा असो. याला शॉपमध्ये टॉलरन्स म्हणतात. ऑफिसात त्याच शब्दाचा अर्थ ‘कारागिराची सहनशीलता’ असा होतो आणि तिला वरची मर्यादा नाही.

तेव्हा रेल्वे बोर्डाला आमची एकच विनंती. परीक्षा सोपी करू नका, माफ तर अजिबात करू नका. चाकाला वर 2 आणि खाली 1 मिलिमीटर चालतं, हे लिहून ठेवलंत. तसं जागा रिकामी झाल्यापासून टेस्ट घेईपर्यंत किती दिवस चालतील, तेही एकदा लिहून ठेवा. आणि त्यापलीकडे गेलं, तर बाद कारागीर नाही, फाईल करा.