मटेरियल

दारावरच्या पाटीवर त्याचं नाव आहे, पण सोसायटीत त्या नावानं त्याला कोणी हाक मारत नाही. सगळे 'मटेरियल' म्हणतात. लिफ्टमध्ये कोणाचा लॅब्रॅडॉर शिंकला, जिन्यात मांजर पायरीच्या बरोबर मधोमध ठाण मांडून बसलं, कावळ्यानं वॉचमनच्या डब्यातली पोळी पळवली, की हा थबकतो, फोन काढतो आणि पुटपुटतो, "मटेरियल आहे हे." मग अंगठ्यानं भराभरा टायपिंग. तेवढा वेळ लिफ्टचं दार धरून ठेवायचं काम आपलं.

वय पस्तिशीच्या आसपास. अंगात काळा टी-शर्ट आणि त्यावर कायम केस, सगळे परक्या जनावरांचे. दिवसा हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो, म्हणजे दुसऱ्यानं केलेल्या कामातल्या चुका काढतो. संध्याकाळी एखाद्या कॅफेच्या तळघरात ओपन माइकला उभा राहतो आणि तेच काम बिनपगारी करतो. पाच मिनिटं मिळतात. चौथ्या मिनिटाला मागून मोबाइलचा टॉर्च दाखवतात, म्हणजे आवरा. समोर पंधरा-वीस माणसं. त्यातले निम्मे आपला नंबर कधी लागतो याची वाट बघणारे दुसरे कॉमेडियन. ते हसत नाहीत. फार तर "हं, चांगलं आहे" अशी मान हलवतात.

स्वतःच्या घरी त्याच्याकडे एकही प्राणी नाही. ॲलर्जी आहे. मांजर मांडीवर आलं की पाच मिनिटांत डोळे लाल आणि नाक चोंदलेलं. त्यामुळे सगळा माल उधारीचा. तो आपल्याकडे येतो तो आपल्याला भेटायला नव्हे. चप्पल काढतानाच विचारतो, "बोका कुठंय?" बोका झोपला असेल तर चहासुद्धा न घेता परततो. जागा असेल तर समोर फतकल मारून शिंकत शिंकत त्याच्याकडे बघत बसतो. आमच्या बोक्याला इतका आदर आमच्या घरात कोणी दिलेला नाही.

प्राण्यांकडे तो वळला याला कारण आहे. आधी तो नातेवाइकांवर बोलायचा. आत्यानं बोलणं टाकलं. मग गावावर बोलला. भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून नाव गेलं. काही दिवस बायकोवर बोलला, लग्न झालेलं नसताना. ते विनोद पडले, हे मराठी विनोदाच्या तब्येतीला बरंच झालं असं माझं मत आहे. शेवटी राजकारण. तेवढ्यात मार्च 2025 मध्ये कॉमेडियन कुणाल कामराच्या एका विनोदावरून मुंबईत खारच्या 'हॅबिटॅट' या कॉमेडी क्लबची मोडतोड झाली, आणि यानं राजकारणाची अख्खी फाइल फोनमधून उडवली.

"मुकी जनावरं," तो मला म्हणाला. "भावना दुखावायचा प्रश्नच नाही. कुत्रा काय एफआयआर करणार?"

मेहनत मात्र त्याची खरी. नुसतं "मांजर किती माजोरडं असतं नाही?" म्हणून तो भागवत नाही, वाचतो. अमेरिकेतल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांचा 2009 मध्ये प्रसिद्ध झालेला कुत्र्यांवरचा प्रयोग त्याला तोंडपाठ आहे. मालकानं खाऊ समोर ठेवायचा, "खायचा नाही" असं बजावायचं आणि खोलीबाहेर जायचं. परत आल्यावर कुत्र्यानं खाल्लं की नाही हे काही मालकांना खरं सांगितलं, काहींना खोटं. कुत्र्याचे पडलेले कान, चुकवलेली नजर, ती सगळी अपराधी मुद्रा गुन्ह्यावर ठरत नव्हती. मालक रागावतो की नाही यावर ठरत होती. त्यातही गंमत अशी की, खाऊला तोंड न लावलेला गुणी कुत्रा रागावल्यावर जास्तच अपराधी दिसायचा.

हे तो स्टेजवर करतो तेव्हा बघावं. माइक स्टँडला लावतो, खांदे पाडतो, मान किंचित वाकडी करतो, पापण्या अर्ध्यावर. बोलत काहीच नाही. तळघरात दोन-तीन ठिकाणी हसू फुटतं. मग त्याच मुद्रेत, बारीक आवाजात, "सर, बिल्ड मी नाही तोडला." हिंजवडीहून आलेलं टेबल खुर्चीतून कोसळतं. कारण तो चेहरा कुत्र्याचा नसतोच, सोमवारी सकाळच्या मीटिंगमधला असतो. मांजरांचंही तसंच. मोठी मांजरं आपसांत सहसा म्याऊ करत नाहीत, ते मुख्यतः माणसासाठी राखलेलं असतं. "म्हणजे म्याऊ ही मांजराची भाषा नाही, त्याची ग्राहकसेवा आहे," हे त्याचं वाक्य. यावर मी हसलो होतो. कार्यक्रम संपल्यावर "पु. लं.चं 'पाळीव प्राणी' ऐकलंय का?" असं विचारणारा एक काका मात्र प्रत्येक ठिकाणी असतो. तो तिकीट काढून आलेला नसतो.

पण जनावराला मालक असतो, ही गोष्ट याच्या हिशेबात आली नव्हती.

तळमजल्यावरच्या काकांचा प्रिन्स गेला तेव्हा हा समाचाराला गेला. व्यवस्थित खाली मान घालून बसला होता. काकू म्हणाल्या, "जायच्या आदल्या दिवशीसुद्धा पेपरवाल्यावर भुंकला हो. उठवत नव्हतं, तर पडल्या पडल्या भुंकला." याचा हात खिशाकडे गेला. मागे आला. परत गेला. "एक मिनिट हं, काकू," म्हणून तो बाल्कनीत जाऊन पाठमोरा उभा राहिला. काकूंना वाटलं, पोराला रडू आवरत नाहीये. त्यांनी काकांच्या हाती पाणी पाठवलं. काकांनी पाठीवर हात ठेवला तेव्हा हा 'पडल्या पडल्या' असं टाइप करत होता.

पुढच्या शनिवारी ते स्टेजवर आलं. चांगलं आलं, हेही सांगायला हवं. लोक आधी हसले आणि मग क्षणभर गप्प झाले, असं ओपन माइकला फारसं होत नाही. रील फिरत फिरत काकांच्या फोनवर पोचलं. काका वर आले ते थरथरतच. आम्हाला वाटलं, मेलेल्या जिवाची थट्टा केली म्हणून आले असतील. काकांचं दुखणं निराळं होतं. यानं स्टेजवर प्रिन्सला 'इंडियन स्पिट्झ' म्हटलं होतं. आपल्याकडे पॉमेरियन म्हणून मिरवणारी बहुतेक पांढरी कुत्री मुळात स्पिट्झ असतात, हेही यानं वाचून ठेवलेलं.

"बारा वर्षं पॉमेरियन म्हणून वाढवला," काका म्हणाले, "आणि मेल्यावर तू त्याची जात काढलीस?"

त्यानं माफी मागितली. काका अजून बोलत नाहीत. काकूंनी जिन्यात गाठून एवढंच विचारलं, "लोक हसले का रे?"

त्यानंतर आला 2025 चा ऑगस्ट. या धंद्याला इतका वाईट महिना गेला नसेल. नांदणीच्या मठातली माधुरी हत्तीण जुलै संपता संपता गुजरातेत 'वनतारा'त गेली आणि कोल्हापूरकरांनी रागानं 'वनतारा'च्या मालकांच्या कंपनीतले मोबाइलचे नंबर दुसऱ्या कंपनीत नेले. दादरच्या कबुतरखान्यावर पालिकेनं ताडपत्री घातली, तर लोकांनी ती उपटून काढली. सर्वोच्च न्यायालयानं दिल्लीतल्या भटक्या कुत्र्यांबद्दल 11 तारखेला एक आदेश दिला आणि 22 तारखेला तो बदलला. त्या अकरा दिवसांत आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कुत्र्यांना खाऊ घालणारे आणि न घालणारे एकमेकांना जे बोलले, ते कुत्र्यांच्या तोंडी शोभलं नसतं. याच्याकडे कबुतरावर पाच मिनिटं तयार होती. दोन काड्यांवर अंडं घालणारं कबुतर म्हणजे ओसी न घेता ताबा देणारा बिल्डर, असा तो सगळा भाग होता. तो त्यानं गुंडाळून ठेवला. हत्तीचा तर त्यानं पहिला शब्दही उच्चारला नाही.

मग ज्याच्या मागे कोणी नाही असं जनावर शोधायचं ठरलं. रविवारी माझ्याकडे बसून आम्ही यादी केली. उंदीर गणपतीकडे. मोर कार्तिकेयाकडे. रेडा यमाकडे, घुबड लक्ष्मीकडे, कुत्री दत्ताच्या पायाशी. कावळा शनीचा, शिवाय पितृपक्षात घरोघरी मान. माकड म्हटल्यावर आमच्या हिनं स्वयंपाकघरातून नुसती नजर टाकली. मारुतीचं नाव घ्यावंच लागलं नाही. बैलासाठी लोक सर्वोच्च न्यायालयात लढून मे 2023 मध्ये बैलगाडा शर्यत जिंकून आलेत. गायीचं नाव त्यानं काढलंच नाही. तो विनोदी आहे, मूर्ख नाही.

"गाढव," तो एकदम म्हणाला. "गाढवाला कोण विचारतं?"

मी म्हटलं, शीतलादेवीचं वाहन आहे. शिवाय पौषात जेजुरीला गाढवांचा बाजार भरतो, तिथं त्याची किंमत जाणणारी माणसं तुला भेटतील.

तो बराच वेळ छताकडे बघत बसला. आणि तिथंच त्याला सापडली. ट्यूबलाइटच्या पट्टीमागून पाल डोकं काढून याच्याकडे बघत होती. पालीच्या केसांची ॲलर्जी येत नाही, हा पहिला फायदा. तिला पापण्या नाहीत, त्यामुळे ती स्वतःचा डोळा जिभेनं पुसते, हे त्यानं बसल्या बसल्या फोनवर वाचून काढलं. संकट आलं की शेपूट टाकून पळते आणि शेपूट मागे वळवळत राहते. कंपनी सोडून गेलेल्या माणसाचा कोड असाच मागं वळवळत असतो, हे त्यानं तिथल्या तिथं जोडलं. आता पालीवर सात मिनिटं तयार आहेत आणि पुढच्या महिन्यात ती होणार आहेत. मागचा अनुभव ध्यानात घेऊन त्यानं नोटीस बोर्डावर कागद लावलाय, तो आपल्याही माहितीसाठी देतो:

सर्व लोकांस कळविण्यात येते की, सदर पालीवर कोणाचाही मालकी हक्क, वारसा हक्क, वहिवाट, श्रद्धा वा अन्य कोणत्याही प्रकारचा हितसंबंध असल्यास त्यांनी पंधरा दिवसांचे आत लेखी पुराव्यासह कळवावे. मुदतीनंतर आलेल्या हरकतीचा विचार केला जाणार नाही.