वस्तीवरून दळण आणण्याची शास्त्रोक्त पद्धत

माण-खटावात गावापासून चार-पाच किलोमीटरवर, शेतात वस्ती करून राहणाऱ्या कुटुंबांसाठी हे मार्गदर्शन आहे. ज्यांच्या घरातच चक्की आहे किंवा जे पिठाची पिशवी विकत आणतात, त्यांनी पुढे वाचून वेळ दवडू नये.

महिन्याचं दळण एकदमच का आणू नये, ही शंका पहिल्याच दिवशी येते. गव्हापुरती ती रास्त आहे. बाजरीच्या दाण्यात मात्र तेलाचा अंश जास्त. दाणा दळला की ते तेल हवेला उघडं पडतं आणि थोड्याच दिवसांत पीठ कडू होतं. कडू भाकरीचा दोष पिठाला न देता दळण आणणाऱ्याला देण्याची प्रथा आहे. तेव्हा बाजरी थोडी थोडी, वरचेवर दळायची. म्हणजेच गाडी वरचेवर चालू करायची. सगळ्या आपत्तींचं मूळ इथं आहे.

गाडी म्हणजे स्प्लेंडर. 97.2 सीसीची, कागदोपत्री दोघांची. 1 एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 गाड्यांना इंधन इंजेक्शननं जातं. त्यांच्यापुढे आपली विद्या चालत नाही, म्हणून इथलं विवेचन जुन्या, कार्बोरेटर आणि चोकच्या गाडीपुरतंच समजावं.

गाडी चालू होत नसेल तर आधी पेट्रोल आहे का ते पाहावं. नसतं. कॉक रिझर्व्हवर फिरवायला जावं, तर तो आधीपासूनच रिझर्व्हवर असतो. आता गाडी डाव्या अंगाला चांगली आडवी करावी. टाकी चासीवर खोगिरासारखी बसलेली असते आणि कॉक डाव्या बाजूला. उजव्या कप्प्यात अडकलेलं घोटभर पेट्रोल असं डावीकडे येतं. एवढ्यावर निम्मा रस्ता होतो. औषध फवारायच्या पंपासाठी बाटलीत भरून ठेवलेलं पेट्रोल ओतण्याचा मोह टाळावा, कारण त्यात टू-टी ऑईल मिसळलेलं असतं. टाळता आला नाही, तर मागून निघणाऱ्या धुराकडे वळून न पाहता जावं.

पेट्रोल असूनही किक लागत नसेल तर प्लग. प्लग काढून पॉलिश पेपरनं घासावा, पॉलिश पेपर नसेल तर काडीपेटीच्या कडेवर. कृती सोपी आहे. प्लगचा पान्हा सापडणं हा यातला अवघड भाग. पान्हा गोठ्यात, मोटरच्या खोक्यात आणि चुलीमागच्या दिवळीत पाहावा. तिन्हीकडे नसल्यास तो शेजारच्या वस्तीवर आहे, आणि तिथून तो आणायला गाडी लागेल.

नाइलाज झाला की ट्रॅक्टर. पावशेर पेट्रोल वाचवण्यासाठी पाच लिटर डिझेल जाळणं शोभत नाही, असं आबा म्हणतील, ऐकून घ्यावं. ट्रॅक्टरला बॅटरी नसते. म्हणजे असते, पण ती पिकअपला लावलेली असते, आणि पिकअप पाव्हण्यांकडं लग्नाला गेलेली असते. म्हणून जाणता माणूस ट्रॅक्टर नेहमी उतारावर लावतो. वस्तीचा उंबरा कुठं असावा याचा एवढा विचार होत नाही, जेवढा ट्रॅक्टर उभा करायच्या जागेचा होतो. उतार रस्त्याच्या दिशेनं हवा, विहिरीच्या दिशेनं नको. जुन्या डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. चाकं फिरून दाब तयार झाला की ते आपलं आपण पेटतं. तेव्हा न्यूट्रल करावं, चाकाखालचा दगड काढवावा (काढणाऱ्यानं बाजूनं काढावा, पुढं उभं राहून नव्हे), वेग आला की वरचा गिअर टाकून क्लच सोडावा. इंजिन धरलं तर उत्तम. उतार आधी संपला, तर बैलजोडी ठेवायला हवी होती, यावर घरातल्या सर्वांचं एकमत होईल.

निघताना हळू आवाज करून निघावं, हे फार महत्त्वाचं. गाडी चालू झाल्याचं कळताच 'जाता जाता' या खात्यातली कामं बाहेर पडतात. "आरं, जातुयास तर तेवढं दूध घाल की डेरीला," असं काकी म्हणतात. मग सिलिंडर येतो: आत 14.2 किलो गॅस आणि वर लोखंडाचं जवळपास तेवढंच वजन. सिलिंडर मागं, कॅन डाव्या हॅंडलला, दळण टाकीवर. बांधायला सुतळी घेऊ नये. जुन्या ट्यूबचा कापलेला पट्टा घ्यावा, तो ताणून बसतो. पाय ठेवायला जागा राहिली असेल तर पशुखाद्याचं पोतं आणायला सांगितलेलं आपण विसरलो आहोत.

पंक्चर वेड्या बाभळीच्या काट्यानं, वस्ती आणि गाव यांच्या बरोबर मध्यावर होतं. दुकानदारानं ट्यूब पाण्यात बुडवून, बुडबुडे बघून ठिगळ लावलं, तरी पैसे देण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवावं. मोडलेलं टोक आतच असेल, तर तेच पंक्चर उद्या पुन्हा भेटतं.

गिरणीत शक्यतो सकाळी पोचावं. शेतीची लाईट आठ तास, तीही कधी दिवसा कधी रात्री. गिरणी गावठाणच्या फीडरवर, तिचं वेळापत्रक निराळं. रात्रीची पाळी असली की पहाटेपर्यंत दारं धरलेला माणूस सकाळी दहाला झोपलेला असतो, आणि दळणाला धाडायला घरात तोच एक रिकामा दिसतो. गिरणीत आपल्या पुढं कुणाची मिरची नाही ना, एवढं पाहावं. असल्यास शांतपणे मागच्या दोघांना आपला नंबर द्यावा.

पीठ गरम असताना डब्याचं झाकण घट्ट लावू नये. आत वाफ धरते आणि गुठळ्या होतात. याचा व्यवहारात अर्थ असा, की परतीचा सगळा खाचखळगा झाकण किलकिलं ठेवून पार करायचा असतो. अंगावरचं पीठ वस्तीजवळच्या ओढ्याला झटकावं, म्हणजे किती सांडलं हा प्रश्न उरत नाही.

दारात आल्यावर गाडी बंद करू नये. डबा चालू गाडीवरूनच आत द्यावा आणि थोडं थांबावं. चहापत्ती संपल्याचं दळण घरात गेल्यावरच आठवतं.